विश्लेषण : शंभर बॉम्बफेऱ्या, नागासाकीचा ढग आणि मुंबईतले लग्न... कोण होते लिओनार्ड चेशायर?

अंधेरी पूर्वेला महाकाली लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘चेशायर होम’ आहे. अपंग आणि दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे हे घर. त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की हे नाव दुसऱ्या महायुद्धातल्या एका बॉम्बर वैमानिकाचे आहे? शंभर वेळा शत्रूच्या प्रदेशावर जाऊन परत आलेला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला आणि नागासाकीवरच्या अणुस्फोटाचा अधिकृत ब्रिटिश निरीक्षक असलेला हा माणूस. त्यांचे दुसरे लग्नही मुंबईतच लागले.

लिओनार्ड चेशायर यांच्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. नागासाकीचा तो ढग पाहून वैमानिक हादरला, त्याला पश्चात्ताप झाला आणि उरलेले आयुष्य त्याने रुग्णसेवेत घालवले. कलिंगाच्या युद्धानंतरच्या अशोकाची गोष्ट शाळेत शिकलेल्या आपल्याला ही कहाणी लगेच पटते. अडचण एवढीच, की ती तशी घडलेली नाही. मग नेमके काय घडले?

कायद्याचा विद्यार्थी हवाई दलात कसा गेला?

चेशायर यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजी इंग्लंडमधल्या चेस्टरजवळचा. वडील ऑक्सफर्डमध्ये कायद्याचे नामांकित प्राध्यापक. करार कायद्यावरचे ‘चेशायर आणि फिफूट’ हे जाडजूड पुस्तक आपल्याकडच्या विधी महाविद्यालयांतही परिचयाचे आहे. त्यातले चेशायर म्हणजे हे वडील. मुलानेही ऑक्सफर्डमध्ये कायदाच घेतला, पण अभ्यासापेक्षा वेगवान गाड्या, पार्ट्या आणि पैजा यांत त्याचा जीव अधिक रमे. खिशात जेमतेम काही पेनी घेऊन पॅरिसला चालत जाऊन दाखवण्याची एक पैज त्याने लावली आणि जिंकली. पैज होती अर्ध्या पाइंट बीअरची!

१९३६ मध्ये चेशायर काही काळ जर्मनीत पॉट्सडॅमला एका निवृत्त ॲडमिरलच्या घरी राहिले होते. तिथल्या एका नाझी सभेत सगळ्यांचे हात सलामीसाठी वर गेले, तेव्हा या इंग्रज पोराने हात वर केला नाही आणि यजमानांची पंचाईत केली. त्यात राजकीय जाण किती आणि हूडपणा किती, हे सांगणे अवघड आहे. विद्यापीठाच्या हवाई पथकात मात्र ते विमान उडवायला शिकले आणि युद्ध सुरू झाले तेव्हा थेट रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाले. जून १९४० मध्ये त्यांना १०२ व्या स्क्वॉड्रनमध्ये पाठवण्यात आले. विमान होते दोन इंजिनांचे, संथ आणि बोजड व्हिटली.

कोलोनच्या त्या रात्री काय घडले?

नोव्हेंबर १९४० मध्ये कोलोनच्या परिसरावर असताना विमानविरोधी तोफेचा गोळा चेशायर यांच्या विमानाजवळ फुटला. विमानात ठेवलेला प्रकाशबाण पेटला आणि स्फोट झाला. विमानाच्या अंगाला भलेमोठे भगदाड पडले, आत आग आणि धूर झाला, वायरलेस सांभाळणारा सहकारी गंभीर भाजला. चालकाच्या जागेवर २३ वर्षांचे चेशायर होते. पाच जणांच्या त्या विमानात पॅराशूट घालून उडी मारण्याचा पर्याय होता. पण खाली जर्मनी होती आणि भाजलेल्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न होता. बाकीच्यांनी आग विझवली. चेशायर यांनी ते फाटलेले विमान ताब्यात आणले, रात्रीच्या गोठवणाऱ्या वाऱ्यात परत वळवले आणि इंग्लंडमधल्या तळावर उतरवले. त्यांना ‘डीएसओ’ हे शौर्यपदक मिळाले. इतक्या कनिष्ठ अधिकाऱ्याला ते क्वचितच मिळे.

विशेष म्हणजे, यानंतर त्यांनी विश्रांती घेतली नाही. पहिला कार्यकाळ संपताच स्वतःहून दुसरा मागून घेतला आणि चार इंजिनांच्या हॅलिफॅक्स विमानांच्या ३५ व्या स्क्वॉड्रनमध्ये गेले.

शंभर फेऱ्या म्हणजे नेमके किती?

बॉम्बर कमांडमध्ये साधारण ३० मोहिमांचा एक कार्यकाळ असे. तो पूर्ण केला, की काही महिने प्रशिक्षण किंवा कार्यालयीन काम. आता थोडे गणित. समजा, एका मोहिमेत शंभरपैकी चार विमाने परत येत नाहीत. युद्धाच्या वाईट काळात प्रमाण साधारण असेच होते. म्हणजे एका रात्री वाचण्याची शक्यता ९६ टक्के. ऐकायला बरी वाटते. पण ०.९६ ला स्वतःनेच ३० वेळा गुणले, की उत्तर येते सुमारे २९ टक्के. शंभर वेळा गुणले तर दोन टक्क्यांहूनही कमी. इंजिनीअरिंगला हे सूत्र परीक्षेपुरते पाठ केले होते. त्या पोरांना ते कुणी शिकवले नसेल, पण सकाळच्या नाश्त्याच्या वेळी रिकाम्या खुर्च्या मोजून त्यांना उत्तर कळतच असणार.

बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक आणि सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मारले गेले. चेशायर यांचा धाकटा भाऊ ख्रिस्तोफरही बॉम्बर वैमानिक होता. ऑगस्ट १९४१ मध्ये बर्लिनवरच्या मोहिमेत त्याचे विमान पडले आणि तो युद्धकैदी झाला. त्या घराने तरी नशीबवान म्हणायचे. मुलगा जिवंत होता.

न्यूयॉर्कमधले लग्न घाईचे होते का?

होते. आणि वरचे गणित पाहिले, की घाई समजते.

१९४१ च्या उन्हाळ्यात विमाने अटलांटिकपार आणण्याच्या कामासाठी चेशायर उत्तर अमेरिकेत गेले. काम सुरू व्हायला अवकाश होता म्हणून न्यूयॉर्कला उतरले. तिथे त्यांची भेट कॉन्स्टन्स बिनी यांच्याशी झाली. मूकपटांच्या जमान्यात त्या नावाजलेल्या नायिका होत्या, पण तो जमाना केव्हाच संपला होता. त्या चेशायर यांच्याहून २१ वर्षांनी मोठ्या होत्या आणि त्यांची आधी दोन लग्ने झाली होती. काही आठवड्यांच्या ओळखीवर, १५ जुलै १९४१ रोजी दोघांनी लग्न केले. नवरा २३ वर्षांचा, नवरी ४५ वर्षांची. इंग्लंडमधल्या घरच्यांना हा धक्काच होता.

भाऊ बेपत्ता झाल्याची बातमी आली, ती लग्न करून परतल्यावर महिनाभरातच. शरद ऋतूत कॉन्स्टन्स इंग्लंडला आल्या. पुढे चेशायर यांच्याकडे मार्स्टन मूर हवाई तळाचा ताबा आला, तेव्हा तळाच्या कडेला रेल्वेचा एक जुना डबा आणून दोघांनी त्यात संसार थाटला. कॉन्स्टन्स पियानो वाजवून अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये रंग भरत. हे चित्र मोठे गोड वाटते. पण नवरा पुन्हा मोहिमांवर जाऊ लागला आणि डब्यातला संसार मागे पडला. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. मूलबाळ झाले नाही. १९५१ मध्ये विवाह कायदेशीररीत्याही संपुष्टात आला.

या लग्नाकडे चेशायर यांचे अनेक चाहते तारुण्यातली चूक म्हणून पाहतात. मला ते अन्यायाचे वाटते. पुढच्या महिन्यात आपण असू की नाही, हे माहीत नसलेल्या माणसाने वीस वर्षांनंतरचा विचार कोणत्या हिशेबाने करायचा?

पद सोडून पुन्हा आकाशात का गेले?

१९४२ मध्ये ते ७६ व्या स्क्वॉड्रनचे प्रमुख झाले. एप्रिल १९४३ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी ग्रुप कॅप्टन. त्या वेळी हवाई दलातले सर्वात तरुण. (आपल्या हवाई दलात आजही हीच पदनामे आहेत, ग्रुप कॅप्टन म्हणजे लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा.) त्याच वर्षी ‘बॉम्बर पायलट’ हे त्यांचे आत्मकथन आले आणि भरपूर खपले. नाव झाले, हुद्दा आला, जीव सुरक्षित झाला. पण टेबलावरचे काम त्यांना सोसवेना. एक पायरी खाली, विंग कमांडर होऊन, मोहिमांवर परत जाऊ द्या, अशी विनंती त्यांनी केली. ती मान्य झाली आणि १९४३ च्या उत्तरार्धात त्यांच्याकडे ६१७ वे स्क्वॉड्रन आले. जर्मनीतली धरणे फोडणारे तेच प्रसिद्ध ‘डॅमबस्टर्स’. (त्याचे पहिले प्रमुख गाय गिब्सन यांचा जन्म सिमल्याचा, हे जाता जाता.)

इथे चेशायर यांनी जे केले, ते तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाचे आहे. रात्रीच्या बॉम्बफेकीची अचूकता भयंकर वाईट होती. १९४१ मधल्या एका सरकारी पाहणीत दिसले, की लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचा दावा करणाऱ्या विमानांपैकी फक्त एक तृतीयांश विमाने लक्ष्यापासून आठ किलोमीटरच्या आत पोहोचली होती. म्हणजे कारखान्यासाठी नेलेले बॉम्ब शेतात, नाहीतर वस्तीवर. चेशायर यांचा आग्रह असा, की एका विमानाने अगदी खाली झेपावून लक्ष्यावर रंगीत ज्योतींची खूण करावी आणि उंचावरच्या बाकीच्यांनी त्या खुणेवर नेम धरावा. खाली झेपावणारे विमान कोण चालवणार? ते स्वतः.

८ फेब्रुवारी १९४४ ची रात्र. फ्रान्समधल्या लिमोज इथे जर्मनांसाठी विमान इंजिने बनवणारा कारखाना होता. रात्रपाळीला शेकडो फ्रेंच कामगार होते आणि त्यात बहुतांश स्त्रिया. चेशायर यांनी आपले अवाढव्य लँकॅस्टर विमान कारखान्याच्या छपरावरून अक्षरशः घासत नेले. एकदा नाही, तीनदा. बॉम्ब न टाकता. कामगारांनी बाहेर पळावे आणि आडोसा घ्यावा, एवढाच हेतू. चौथ्या फेरीत त्यांनी खुणेच्या ज्योती टाकल्या, मग उरलेल्या विमानांनी कारखाना उद्ध्वस्त केला. शत्रूला इतका वेळ आधी सूचना देणे हे कोणत्याही लष्करी पुस्तकात बसत नाही.

पण याच माणसाने एप्रिल १९४४ मध्ये म्युनिकवर तशीच खूण केली, हेही सांगायला हवे. या वेळी विमान होते हलके आणि वेगवान मॉस्किटो. तोफांच्या माऱ्यात ते १२ मिनिटे होते. खाली एकटा कारखाना नव्हता, शहर होते. खूण अचूक पडली, की त्यामागून येणारे बॉम्बही अचूक पडत. शौर्य दोन्ही रात्रींचे सारखेच. खालच्या माणसांच्या वाट्याला मात्र सारखे काही आले नाही.

जहाजांशिवाय आरमार कसे उभे केले?

डी-डे, म्हणजे ६ जून १९४४ च्या पहाटे दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरणार होते. जर्मनांना ते दुसरीकडे येत आहेत असे वाटावे म्हणून ६१७ व्या स्क्वॉड्रनला एक चमत्कारिक काम मिळाले. विमानांतून ठरावीक मापाने कापलेल्या धातूच्या चकचकीत पट्ट्या टाकत राहायच्या. रडारच्या लहरी त्यांवरून परावर्तित होतात आणि पडद्यावर जहाजांचा ताफा दिसतो. अडचण अशी, की लँकॅस्टरचा वेग ताशी सुमारे २९० किलोमीटर आणि जहाजांचा जेमतेम १३. रडारवर ताफा उडत गेलेला दिसून कसे चालेल? उपाय असा, की विमानांनी लांबट गोल घेत राहायचे आणि प्रत्येक गोल आधीच्यापेक्षा थोडासा पुढे सरकवायचा. वेळ सेकंदाच्या हिशेबात पाळायची, पट्ट्यांच्या पुड्या ठरल्या अंतराने टाकायच्या, आणि हे तासन् तास, अंधारात. कित्येक आठवडे सराव चालला होता. त्या रात्री या स्क्वॉड्रनने एकही बॉम्ब टाकला नाही. संगणक नसताना हे जमवले, याचे मला त्यांच्या इतर कोणत्याही मोहिमेपेक्षा जास्त आश्चर्य वाटते.

त्याच महिन्यात चेशायर यांनी अमेरिकी बनावटीचे मस्टँग हे एकआसनी लढाऊ विमान मिळवले. ते त्यांनी पहिल्यांदा उडवले ते थेट मोहिमेवर आणि पहिल्यांदा उतरवले ते रात्री. जुलैमध्ये, शंभरावर मोहिमा झाल्यावर, वरिष्ठांनी त्यांना सक्तीने थांबवले. सप्टेंबरमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. तो बहुधा एखाद्या प्रसंगातल्या शौर्यासाठी दिला जातो. चेशायर यांना तो चार वर्षांच्या सलग कामगिरीसाठी मिळाला.

नागासाकीत त्यांनी काय पाहिले?

खरे तर, अपेक्षेपेक्षा कमी. ९ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रिटनतर्फे दोन निरीक्षक होते : शास्त्रज्ञ विल्यम पेनी आणि चेशायर. त्यांचे विमान वाटेत बॉम्बवाहू विमानाला भेटणार होते. पण त्यांच्या अमेरिकी वैमानिकाने ठरल्यापेक्षा जास्त उंची धरली आणि भेट हुकली. स्फोट झाला तेव्हा ते बरेच दूर होते. नंतर जवळ गेल्यावर दिसला तो वर चढत जाणारा ढग. त्याच्या खालच्या शहरात वर्षअखेरपर्यंत सुमारे ७० हजार माणसे मेली.

आता मूळ प्रश्न. चेशायर यांना पश्चात्ताप झाला का? त्यांनी तसे कधी म्हटले नाही. अणुबॉम्बमुळे युद्ध संपले आणि त्याहून मोठी मनुष्यहानी टळली, हे मत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. पुढे अण्वस्त्रविरोधी चळवळी जोरात असतानाही ते अण्वस्त्रांच्या धाकाचे समर्थन करत राहिले. हे मत अनेकांना पटणार नाही. मलाही पूर्ण पटत नाही. पण त्यांच्या तोंडी पश्चात्ताप घालणे म्हणजे आपल्याला आवडेल असा चेशायर तयार करणे झाले.

मग आयुष्य बदलले कशाने?

एका रिकाम्या घराने आणि एका मरणोन्मुख माणसाने. जानेवारी १९४६ मध्ये चेशायर हवाई दलातून बाहेर पडले. माजी सैनिकांनी एकत्र राहून कष्ट करावेत, अशी एक वसाहत त्यांनी काढली. ती सपशेल फसली. कर्ज झाले आणि हॅम्पशरमधला ‘ल कोर्ट’ नावाचा मोठा वाडा तेवढा गळ्यात पडला. १९४८ मध्ये एका रुग्णालयातून निरोप आला. वसाहतीतला एक जुना सहकारी, आर्थर डाइक्स, कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. त्याला ठेवायला जागा नव्हती. चेशायर यांनी जागा शोधून पाहिली, मिळाली नाही. मग त्याला ल कोर्टला आणले. नर्स नव्हती, पैसे नव्हते. अंथरूण बदलणे, अंग पुसणे, भांडे देणे हे सगळे त्यांनी स्वतः केले. डाइक्स ऑगस्टमध्ये वारले. तोवर दुसरा रुग्ण दारात आला होता, मग तिसरा. त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी चेशायर यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला.

पुढे १९५२ मध्ये त्यांना क्षय झाला. दोन वर्षांहून अधिक काळ ते स्वतःच रुग्णालयाच्या खाटेवर होते. याच काळात घरांचे काम थांबायच्या ऐवजी वाढले.

मुंबईशी नाते कसे जुळले?

युद्धाच्या अखेरच्या काळात चेशायर काही दिवस कोलकात्याला नेमणुकीवर होते. बरे झाल्यावर, १९५५ च्या अखेरीस, ते पुन्हा भारतात आले, या वेळी मुंबईत. भारतातले पहिले चेशायर होम अंधेरीत उभे राहिले, तेव्हा अंधेरी मुंबईच्या बाहेरचे गाव-रान होते. नंतर देशभर घरे निघाली, पुण्यातही आहे.

१९५५ मध्येच इंग्लंडमध्ये त्यांची भेट स्यू रायडर यांच्याशी झाली होती. युद्धात रायडर ब्रिटिश गुप्त मोहिमांच्या पोलिश विभागात होत्या. पोलंडमध्ये पॅराशूटने उतरणाऱ्या हेरांना विमानतळापर्यंत गाडीने नेऊन सोडायचे, हे त्यांचे एक काम. त्या मोहिमांवर व्हिटली आणि हॅलिफॅक्स विमाने जात. म्हणजे चेशायर ज्या जातीच्या विमानांत बसून जर्मनीवर जात होते, तशाच विमानांना रायडर माणसे पोहोचवत होत्या. युद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेल्यांसाठी आणि जर्मन तुरुंगांतल्या पोलिश तरुणांसाठी त्या एकट्या गाडी चालवत युरोपभर फिरल्या.

दोघांपुढे अडचण एकच : आपापले काम. लग्नाने ते मागे तर पडणार नाही ना? पहिले लग्न काही आठवड्यांत उरकणाऱ्या चेशायर यांनी या वेळी चार वर्षे घेतली. ५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईच्या रोमन कॅथलिक कॅथेड्रलमध्ये त्यांचे लग्न झाले. नवरा ४१ वर्षांचा होता. मधुचंद्र म्हणावा तर तो ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये संस्थेसाठी निधी गोळा करण्याचा दौरा होता! त्याच वर्षी देहरादूनला रिस्पना नदीकाठी दोघांनी मिळून ‘राफेल’ हे केंद्र सुरू केले. कुष्ठरोगी, क्षयरोगी आणि मतिमंद मुलांसाठी ते होते.

इंग्लंडमध्ये सफोकमधल्या कॅव्हेंडिश गावी, रायडर यांनी रुग्णांसाठी काढलेल्या घरातच काही खोल्यांत या जोडप्याने संसार केला. दोन मुले झाली. दोघांची कामे वेगळी, संस्था वेगळ्या, दौरेही बरेचदा वेगळे. या घराला ‘प्रायव्हसी’ असा शब्द माहीत नसावा. १९७९ मध्ये रायडर आणि १९९१ मध्ये चेशायर उमराव सभागृहाचे सदस्य झाले.

तोवर चेशायर यांना मोटर न्यूरॉन आजार झाला होता. मेंदूकडून स्नायूंना जाणारे संदेश या आजारात हळूहळू बंद पडतात. हात, पाय, मग बोलणे, मग गिळणे, मग श्वास. त्यांच्या घरांमध्ये अशा आजारांचे कितीतरी रुग्ण राहून गेले होते, त्यामुळे पुढे काय येणार हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. कॅव्हेंडिशच्याच घरी स्यू यांनी त्यांची शुश्रूषा केली. ३१ जुलै १९९२ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी ते गेले. तेव्हा जगातल्या ४९ देशांत २७० चेशायर होम्स होती.